अडीच फेरे

माझगावच्या टेकडीखाली, जुन्या पंपघराशेजारच्या खोलीत
टेबलफॅन बंद करून
(त्याचा आवाज मध्ये येतो)
मी धाकू तांबिटकरांना बोलायला सांगते.
जूनअखेर ते निवृत्त.
त्याआधी छत्तीस वर्षं हातात राहिलेलं सगळं
फाइलीत उतरलं पाहिजे, असं साहेबांचं पत्र आहे.

ते बोलतात, मशीन लिहितं.
ते म्हणाले : रात्री दोनला रडकी आधी.
मशीन : रात्री दोनला लडकी आधी.
ते म्हणाले : माथारपाखाडीला पाव फेरा कमी.
मशीन : म्हातारं पाखडीला, पाव तेरा कमी.
ते म्हणाले : मग घोडपदेव, अडीच फेरे.
मशीन अडखळलं जरा. मग लिहिलं :
मग थोडं पण दे. अडीच फेरे.

चष्मा कपाळावर सरकवून वाचलं त्यांनी.
"बाई, हे काय चुकीचं नाय.
फोनवर लोक हेच बोलतात."

मग यादी करायला बसलो.
डावीकडे शब्द, उजवीकडे उच्चार,
जसा त्यांच्या तोंडातून येतो तसा,
म्हणजे गालात तंबाखू धरून.
रडकी : वायसर कितीही बदला, झिरपतेच.
बावन्नवाली : बावन्न नंबरची चाळ पाडली, टॉवर आला, चावी तीच.
सुताराची. अर्धपोटी. मेमणबाईच्या जिन्याखालची.
हौसा.
"कोण हौसा?"
"तिची खाट असायची झाकणावर. रात्री उठवायला लागायची.
शिव्या देत उठायची, पण खाट स्वतःच सरकवायची.
नकाशात त्या चावीला नंबर आहे. मला नाय माहीत."

प्रत्येक शब्दापुढे वजन द्यायचं असतं, एक ते वीस :
त्याच्यासाठी कान किती टवकारायचे, ते.
मी हौसाला वीस दिले.

आणि परवाच्या रात्रपाळीच्या रेकॉर्डिंगमध्ये
जिकडेतिकडे हौसा.
"हौद साफ"मध्ये हौसा. खोकल्यात हौसा.
एका जागी चाळीस सेकंद कुणी बोललंच नव्हतं.
धाकूंनी लोखंडी दांडा रस्त्याला टेकवलेला,
दुसरं टोक कानाला,
मी श्वास धरून उभी, हातात फोन.
तिथे मशीनने लिहिलंय : हौसा हौसा हौसा.
मागे फक्त पाणी सुटल्याचा आवाज होता,
नळात लांबून येणारा.

मी वाचून दाखवलं. ते हसले नाहीत.
"सुरुवातीला मलाही सगळीकडे गळतीच ऐकू यायची.
घुशीत, गटारात, बायकोच्या घोरण्यात.
वस्ताद बोलला, कान सैल सोड जरा."

मी वीसचे सहा केले.

सहावर हौसा जागेवर आली.
रडकी आली.
सुताराची एकदा "सुरुवातीची" झाली, मग आली.
एकसष्ट शब्द झाले.
त्यांचं आडनाव घालायचंच राहिलं होतं,
"तांबे टिकतंय" असं उमटत होतं पानापानावर.
मी लिहायला घेतलं तर म्हणाले,
"ऱ्हाऊ दे. टिकतंय ना."

काल शेवटची फाइल पाठवली.
सगळं तपासलं : वेळा, फेरे,
कुठली सरळ बंद होते, कुठली उलटी,
कुठल्या झाकणावर आता कोणाची गाडी उभी असते
आणि वॉचमनला काय सांगायचं.
घोडपदेव यादीत आहे, उच्चारासह, वजन आठ.
एकोणचाळीस ठिकाणी नीट आलाय.
चाळिसाव्याला मी हात लावला नाही.
पान नऊ, खालून तिसरी ओळ,
साहेब वाचतील न वाचतील :

पहाटे सव्वातीन. थोडं पण दे. अडीच फेरे.